चोवीस ओळींची चादर

सोलापुरात चादर चोरायला कुणी येत नाही. ज्याच्या घरी जावं तो निघताना एक हातात देतोच. लग्न झालं, चादर. बदली झाली, चादर. निवडून आला, चादर. पडला तरी समजूत काढायला टॉवेल. त्यामुळे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याला वॉचमन होता तो शोभेपुरता, आणि जेवणानंतर तोही गाठोड्यांना टेकून घोरत असायचा. अशा ठिकाणी मास्तर आपल्या जेवणाच्या डब्याला दोरा बांधून आणायचे.

दोरा मागावरचाच. गाठ मात्र त्यांची खास, विणकराच्या गाठीला एक जादा पीळ दिलेली. दुपारी डबा पुढ्यात घेऊन ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि ती गाठ बारकाईने तपासायचे. सकाळपासून कुणी हात लावलेला नाही अशी खात्री पटली की मगच झाकण उघडायचं. आत रोज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आठ वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो. त्या भाकरीवर कुणाचा डोळा असल्याचं मला तरी कधी दिसलं नाही.

मास्तर म्हणजे आमचे डिझाइन मास्तर. मी डिस्पॅचला होतो. माल बांधायचा, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या करायच्या आणि गरज पडली तर छोटा टेम्पोही हाकायचा. मास्तरांचं काम वरच्या दर्जाचं. चादरीवर मोर यायचा असेल तर तो आधी पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांवर भोकं पाडून उतरवावा लागतो. जिथे भोक तिथे मागाचा दोरा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं ओवून जॅकार्डच्या मागावर चढवली की मोर उमटतो. मास्तर मोर पाहायचे ते भोकांतूनच. माणसंही ते तशीच पाहत असावेत, कारण कुणाबद्दल बोलताना याच्यात कुठे भोक आहे तेवढंच ते सांगत.

टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा लोक घरी बसून केक करायला शिकले. मास्तर क्रिप्टो शिकले. बाकीचे क्रिप्टो घ्यायचे ते श्रीमंत व्हायला. मास्तरांना श्रीमंत होण्यात काडीचा रस नव्हता. त्यांना रस होता लुटलं न जाण्यात, आणि लुटलं न जाण्यासाठी आधी आपल्याजवळ काहीतरी असावं लागतं, एवढ्याचसाठी त्यांनी ते घेतलं असावं असा माझा समज आहे.

घेतलेलं त्यांनी खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर ठेवलं नाही. ते म्हणजे आपले दागिने दुसऱ्याच्या कपाटात, असं त्यांचं मत. पेनड्राइव्हसारखी एक डबी मागवली, क्रिप्टोच्या वॉलेटच्या, म्हणजे बटव्याच्या, डिजिटल चाव्या तिच्यात ठेवल्या आणि दर एक तारखेला डबीचा पिन बदलू लागले. चहाच्या टपरीवरच्या फुकट वायफायजवळून जाताना ते फोन बंद करून खिशात उलटा ठेवत. आपल्याकडे किती आहे हे कुणाला सांगायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. कुणी विचारलंच नव्हतं, हा भाग वेगळा. वॉलेटचा असो की आणखी कशाचा, कुठलाही पत्ता दिला की ते सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचून पडताळत. माझ्या घराचा पत्ता लिहून घेतानासुद्धा.

आणि पैसे पाठवायचे तर आधी चाचणी म्हणून चिमूटभर पाठवायचे, ते पोचले की मग उरलेले. नियम चांगला आहे, मीही आता पाळतो. पण मास्तर तो फक्त पैशांना लावून थांबतील तर ते मास्तर कसले. चार दिवसांची रजा हवी असली की आधी अर्ध्या दिवसाचा अर्ज टाकत. एकदा हैदराबादच्या एका नव्या गिऱ्हाइकाकडे टेम्पोभर माल जायचा होता. मास्तरांनी मालकांना गाठून पटवलं की आधी एसटीच्या पार्सलने एकच चादर पाठवू, ती योग्य माणसाला मिळाल्याचा निरोप आला की मग टेम्पो सोडू. एक चादर तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल उचलला होता. मालक दोन दिवस मास्तरांकडे न पाहता बोलत होते. मास्तर म्हणाले, गिऱ्हाइक गेलं पण माल सुरक्षित राहिला.

सगळ्यात जास्त सोसलं ते काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. हल्ली संगणकाने कुणाचाही आवाज बनवता येतो हे मास्तरांनी कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून घरच्या फोनलाही परवलीचा प्रश्न लागू झाला. प्रश्न एकच, काल कशाची भाजी होती? हे बाहेरच्या चोराला कळणार नाही आणि घरच्या माणसाला विसरता येणार नाही, असं त्यांचं गणित. काकूंनी गॅस संपल्याचं सांगायला फोन करावा, आणि मास्तरांनी पलीकडून शांतपणे भाजी विचारावी. एकदा काकू पाय मुरगळून जिन्यात बसल्या होत्या आणि तिथून फोन करत होत्या. तेव्हाही आधी दोडका सांगावा लागला.

मी या सगळ्याला हसायचो. मग एका सकाळी मला फोनवर लग्नपत्रिका आली. ओळखीतला नंबर, खाली फाइल. मी उघडली. पत्रिका काही उघडली नाही, माझं बँकेचं खातं मात्र उघडलं. पाचव्या मिनिटाला पैसे गेल्याचे मेसेज येऊ लागले. मास्तरांनी माझा फोन हिसकावून विमानाच्या खुणेवर टाकला, स्वतःच्या फोनवरून हेल्पलाइन लावून दिली, बँकेत नेलं, तिथून सायबर पोलिसांकडे. दिवसभर माझ्याबरोबर बाकावर बसून राहिले. एवढे नियम पाठ असलेला माणूस, पण एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगत होतो. संध्याकाळी गाठ सोडून आपला डबा माझ्यापुढे सरकवला, एवढंच. तासाभरात कळवल्यामुळे अर्ध्याहून जास्त रक्कम पुढे परत मिळाली. त्यानंतर मी हसायचं सोडलं असं नाही, पण त्यांच्यासमोर हसत नव्हतो. या माणसावर माझा जीव होता.

तर ती चादर. डबी हरवली किंवा बिघडली तर वॉलेट पुन्हा उघडायला चोवीस इंग्रजी शब्द असतात, ठरलेल्या क्रमाने. ते ज्याच्या हाती तो मालक. ते फोनमध्ये ठेवायचे नाहीत, त्यांचा फोटो काढायचा नाही, कुणाला मेल करायचे नाहीत. शहाणी माणसं ते कागदावर लिहून कुलपात ठेवतात, फारच शहाणी असली तर पोलादी पट्टीवर कोरतात. मास्तर म्हणाले, कागद भिजतो, पोलाद भंगारवाला नेतो. शब्द ज्या यादीतून येतात ती यादी जगजाहीर असते आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला क्रमांक असतो. तो क्रमांक अकरा खणांत मांडता येतो, काही खण भरलेले, काही रिकामे. भोक आणि बिनभोक. हे वाचल्यावर मास्तरांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. सगळा जन्म ज्याची वाट पाहिली ते काम समोर आलं होतं.

एका रविवारी कारखाना बंद असताना त्यांनी एकच चादर विणली. मरून रंगाची, काठाला पांढऱ्या चौकोनांच्या चोवीस ओळी, ओळीत अकरा घरं. पाहणाऱ्याला वाटावं, बरी आहे नक्षी. कार्डं जाळली, कारण दोन प्रती म्हणजे दोन चोर. चादर घरच्या ट्रंकेत ठेवली. आणि कुणालाही सांगितलं नाही, म्हणजे काकूंनाही नाही. सांगण्यात आणखी एक अडचण होती. वॉलेटमध्ये होते ते होटगीजवळचा वाटणीचा जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे. विजापूरला दातांच्या डॉक्टरकीला असलेल्या मुलीच्या फीसाठी ते बँकेत मुदत ठेवीत आहेत, अशी काकूंची समजूत होती. ती करून देणारे मास्तरच. जगातल्या प्रत्येक लबाडाचं भोक ओळखणाऱ्या माणसाचं आपल्या घरात हे असं होतं.

वैशाखात काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, अक्कलकोटला. भावाने पत्रिका व्हॉट्सअॅपवर पाठवली. माझं झालं होतं ते ताजंच होतं. मास्तरांनी सांगितलं की फाइल उघडणार नाही आणि छापील पत्रिका हातात आल्याशिवाय लग्न आहे असं धरणार नाही. साल्याला राग आला, काकूंना त्याहून जास्त. मास्तर लग्नाला गेले नाहीत. त्या दिवशी सकाळी त्यांना ऑफिसात फोन आला तेव्हा मी समोर बसलेलो. काकूंचा फोन चार्ज नव्हता म्हणून शेजारणीच्या फोनवरून त्या विचारत होत्या की आहेराला ट्रंकेतली कुठली चादर नेऊ. नंबर अनोळखी. मास्तरांनी विचारलं, काल कशाची भाजी होती? पलीकडून फोन आपटल्याचं मलाही ऐकू आलं. मास्तर समाधानाने माझ्याकडे पाहून म्हणाले, "बघितलास? उत्तर आलं न्हाई. चोरच असणार."

काकूंनी ट्रंकेतली वरचीच चादर उचलली.

हे मास्तरांना कळायला आषाढ उजाडला. फी भरायची वेळ आली, डबी काढली, पिन टाकला, चुकला. महिन्यातून एकदा बदललेला पिन, कुठल्या महिन्याचा कुठला याचा मेळ लागेना. तिसऱ्यांदा चुकल्यावर डबीने, जशी ती बनवलीच होती तशी, स्वतःला पुसून टाकलं. मास्तरांना घाम फुटला नाही. हसतच ट्रंक उघडली असणार. मग काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, इथल्या चादरी कमी झाल्यात का. काकू म्हणाल्या, दादाकडे आहेरात गेली. साल्याला विचारलं तर तो तुटकपणे म्हणाला की आल्या तेवढ्या सगळ्या चादरी व्याह्यांकडे मैंदर्गीला मानपानात गेल्या. फी भरायला आठ दिवस उरले होते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला त्यांनी सांगितलं की आपल्या एका लॉटच्या बॉर्डरमध्ये दोष आहे, कंपनीची अब्रू वाचवायची आहे, टेम्पो काढ. पगारातून कापायला सांगून त्यांनी चाळीस नव्या चादरी उचलल्या. सोलापूरच्या इतिहासात सदोष म्हणून परत मागवलेली पहिली चादर आपल्या टेम्पोत येणार, या अभिमानाने मी गाडी हाकली.

मैंदर्गीत व्याह्यांच्या दारात मास्तरांनी जाहीर केलं, लग्नातली एक चादर आणा आणि नव्या दोन न्या. दिलेला आहेर परत मागणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं, म्हणून हा दुपटीचा मार्ग. घरातल्यांनी आणल्या. शेजाऱ्यांनी आणल्या. मग गल्लीने आणल्या. दुसऱ्याच कारखान्यांच्या, विटलेल्या, तेलकट, एक तर मधोमध फाडून दोन केलेली, तिच्या बदल्यात चार मिळाव्यात असं मालकिणीचं म्हणणं. मास्तर प्रत्येकीचा काठ उलगडून पाहायचे आणि त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. एकाला दोन करून देतो म्हणणारा हमखास लुटारू असतो, हे मला या माणसाने किमान शंभर वेळा सांगितलेलं होतं. ते आठवून मी टेम्पोच्या आड जाऊन हसून घेतलं.

शेवटी व्याही म्हणाले, एक आजीकडे आहे. नवऱ्यामुलाची आजी आतल्या खोलीत बसली होती, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. पायांवर मरून चादर. मास्तर जमिनीवर बसून काठाच्या ओळी मोजू लागले, चोवीस भरल्या.

नव्या चार देतो म्हणाले. आजीने चादर काठासकट पायाखाली आणखी घट्ट खोचली.

"मला बेडा. नको मला चार," ती म्हणाली. "एकाला चार कोण देतंय? जो देतंय त्येला काय तरी दुसरंच पायजे असतंय."

मास्तर म्हणाले की दोष आहे, आजच परत जायला हवी. आजीने विचारलं, मग एवढी घाई कशाची. तू कोण, तुला कोणी पाठवलं, आणि तुझं खरं कशावरून. मास्तरांनी सांगितलं की मी नवरीच्या आत्याचा नवरा. आजी म्हणाली की लग्नात तर तू कुठे नव्हतास.

"ही माज्या खांद्यावर नवरीच्या आत्यानं घातली, सोत्ता," आजी म्हणाली. "तिला घिऊन ये. तिच्याबिगर कुणाच्या हातात द्येत न्हाई मी."

फोनमध्ये ओटीपी येत नव्हता, अॅप नव्हतं, फोनच नव्हता. तरी मास्तरांनी उभ्या आयुष्यात पाहिलेली ही सगळ्यात पक्की व्यवस्था होती, आणि ती कुणाच्या बाजूने होती हे त्यांना कळत होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी टेम्पो थांबवायला सांगितला. बाभळीखाली उभं राहून मला सगळं सांगितलं, शब्द, चादर, होटगीचा तुकडा, फी. चादर नेमकी कुणाच्या खांद्यावर घातली हे काकूंना एका वाक्यात विचारलं असतं तर आजची फेरी वाचली असती हे त्यांनाही समजत होतं. पण विचारायचं तर का विचारतो ते सांगावं लागणार. मला हसू येत नव्हतं, आता खरोखरच भीती वाटत होती.

"पैशाचं जाऊ दे रे," ते म्हणाले. "तिला काय सांगू?"

मी म्हटलं, सगळं सांगा. त्यांनी बाभळीचा एक काटा मोडला. मग विचारलं, "आधी डबी बंद पडली एवढंच सांगून बघू का? ते पोचलं की मग बाकीचं?"

मी सांगितलं की बायकोकडे चाचणीचे पैसे पाठवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत आम्ही तिघं होतो. मध्ये काकू, मांडीवर पिशवी, नजर समोरच्या काचेवर. मास्तर खिडकीशी अंग चोरून. डोळे दोघांचेही सुजलेले. मास्तरांच्या हातात त्या दिवशी डबा नव्हता, दोरा बांधलेला किंवा न बांधलेला.

आजीने काकूंना जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आवाज ऐकला, लग्नात आपण काय बोललो होतो ते विचारून घेतलं. मग मास्तरांकडे बोट करून म्हणाली, "ह्यो तुजाच न्हवरा का?"

काकूंनी आधी मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं. "हाय," म्हणाल्या.

आजी तेवढ्यानेच निवळली. पण अंगावर घातलेलं काढून द्यायचं नसतं म्हणाली, बघायचं तेवढं बघून घे. काकूंनी पिशवीतून वही काढली. माहेरी वडील कार्डं पंच करायचे, त्यामुळे भरलं घर कुठलं आणि रिकामं कुठलं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दारातली ठिपक्यांची रांगोळी वहीत उतरवून घ्यावी तशा त्या बसल्या. मास्तर शेजारी टेकायला लागले तशी त्यांनी मान वर केली.

"तुमी भायेर बसा," काकू म्हणाल्या. "शब्द उतरवताना खोलीत दुसरं कुणी नसावं, तुमीच सांगता की."

मास्तर म्हणाले, आजी आहेत की. काकू म्हणाल्या, त्यांना दिसत नाही, आणि त्या माझ्याशी खोटं बोलल्या नाहीत. मास्तर बाहेर आले. आतून कडी लागली.

पुढचं सगळं नंतर झालं. मुलीने यादी लावून त्या ठिपक्यांचे शब्द काढले, फी भरली, आणि ती नक्षी गावभर मिरवून आली होती म्हणून उरलेलं नव्या शब्दांच्या वॉलेटमध्ये हलवलं. ते नवे शब्द काकूंना माहीत आहेत आणि मुलीला. मास्तरांना नाहीत. पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो आणि मास्तर बंद दाराकडे पाहत होते. एवढा हतबल माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तासाभराने ते उठले. दाराला कान लावला, मग हलकेच थापटून विचारलं, झालं का.

आतून काकूंचा आवाज आला, "काल कशाची भाजी होती?"

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला. दाराच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले, आणि इतक्या हळू बोलले की मलाही जेमतेम ऐकू आलं.

"काल तू चूल पेटवलीच न्हाईस."

आतून कडी निघाली.